दहा नंबरची जर्सी

मृत माणसाविषयी त्याच्या आप्तांनी हळहळावे, यात नवल ते काय? परंतु ज्याच्याशी उभ्या जन्मात एक शब्द बोलणे झाले नाही, अशा परक्या तरुणासाठी वीस वीस वर्षे हळहळणारी मंडळी आम्ही पाहिली ती फुटबॉलच्या मैदानाभोवती. आम्हांस स्वतःला हा खेळ बेताचाच कळतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मडगावी एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो होतो. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ एरवी मोठे बोलके. पण ५ तारखेस सकाळपासून गप्प. चहाच्या वेळी आम्ही कारण विचारले. “आज ज्युनियरचा दिवस, सर,” ते म्हणाले. जणू हा ज्युनियर आमच्याही घरचाच!

क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा खेळाडू. २००३-०४ च्या राष्ट्रीय लीगमध्ये कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून त्याने १५ गोल केले आणि तो संघ विजेता ठरला. त्यानंतर गोव्याच्या डेम्पो क्लबाने त्यास आपल्याकडे आणले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना डेम्पो व मोहन बागान यांत झाला. डेम्पोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल करतेवेळी पुढे धावलेल्या गोलकीपरशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि हा कोसळला, तो उठला नाही. वय अवघे २५.

आमच्या यजमानांनी त्याचा खेळ असा कितीसा पाहिला असेल? डेम्पोच्या रंगात तो एक हंगामही पुरता खेळला नाही. आम्ही तसे बोलून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, “तेच तर! आमच्या आईला पोर्तुगीज येई. पेपरात त्याचा फोटो पाहून ती म्हणायची, हा पोर घरी आला तर मी त्याच्याशी बोलेन. साठीनंतर तिला त्या भाषेत बोलायला कोणी उरलेच नव्हते.” त्या माउलीने मनात जुळविलेली वाक्ये मनातच राहिली. केलेल्या गोलांची मोजदाद कोणीही ठेवील; न झालेल्या भेटीची कोण ठेवणार?

त्या गोलकीपरवर मात्र यजमानांचा राग अद्याप धुमसतो आहे. येथे आमचे त्यांचे जुळेना. तोही तेव्हा कोवळा पोरच होता. त्याच्यावर काही काळ खेळबंदी आली. पुढे तोच भारताचा गोलकीपर झाला आणि २०११ च्या आशियाई चषकात त्याने पराक्रमाने गोल राखला. त्याचे नाव आम्ही येथे मुद्दाम घेत नाही. टकरीचे चित्रण आम्ही पाहिले आहे, आणि त्यात आम्हांस दिसला तो एकाच चेंडूमागे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या दोन तरुणांचा आवेग. “तुम्ही मास्तर लोक सगळ्यांनाच पास करता,” यजमान म्हणाले. आम्ही चहा संपविला.

डेम्पोने ज्युनियरची दहा नंबरची जर्सी निवृत्त केली. तो हंगाम संपला तेव्हा, २००५ साली, राष्ट्रीय लीगही त्यांनीच जिंकली. नऊनंतर थेट अकरा अशी मोजणी करणाऱ्या संघाने. ही मोजणी आम्हांस कोणत्याही पुतळ्याहून बोलकी वाटते. पुतळ्याजवळून माणूस न पाहता निघून जातो. मोजताना मात्र जीभ अडखळतेच.

संध्याकाळी आम्ही दोघे फिरावयास निघालो. भातकापणी होऊन मोकळ्या पडलेल्या शेतात पोरे फुटबॉल खेळत होती. त्यांतील एका काटकुळ्या पोराच्या अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारी जर्सी. पाठीवर दहाचा आकडा आणि त्यावर मेस्सीचे नाव. “ह्याला ज्युनियर कुठचा ठाऊक असणार!” यजमान पुटपुटले. एवढ्यात त्या पोरापुढे चेंडू आला, समोर गोल मोकळा. यजमान बांधावर थबकले, आणि “मार! मार रे!” म्हणून ओरडले. गोल झाला. पोरे एकमेकांच्या अंगावर पडली, आणि तो काटकुळा पोर उठून उभा राहीपर्यंत आमचे स्नेही बांधावरून हलले नाहीत.