कुळाचे नाव आणि भाषेचे नाव

मेळघाटातील कोरकू लोक 'मुंडा भाषा' बोलतात, हे विधान विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून मला इतक्या वेळा आढळले आहे, की ते सर्वस्वी असत्य नसूनही त्याचा प्रतिवाद करणे मी आपले कर्तव्य मानीत आलो. धारणी-चिखलदऱ्याच्या मुलखात घरोघर बोलली जाते ती कोरकू. मुंडा हे भाषाकुळाचे नाव असून, छोटा नागपूरच्या मुंडा जमातीवरून ते माक्स म्युलरने 1854 च्या सुमारास या भाषांना द्राविडी भाषांपासून वेगळे काढताना योजले, आणि अशा रीतीने पश्चिमेस दूर पडलेल्या कोरकूच्या कपाळी एका भाऊबंदाचे नाव आले. नाते मात्र अस्सल आहे. वाघास कोरकूत 'कुला', मुंडा जमातीच्या मुंडारीतही 'कुला'. दोनास इकडे 'बारी', तिकडे 'बारिया'. आणि संस्कृतातील जे द्विवचन मराठीने केव्हाच सोडून दिले, ते या दोन्ही भाषांत आजही नांदते आहे. शेजारची गोंडी द्राविडी कुळातली, तेव्हा शिवेला शीव लागली म्हणजे रक्ताचे नाते जुळते असे नव्हे.

अमेरिकेत अल्गॉन्क्वियन आणि अरापाहो या संज्ञांचा संबंध नेमका असाच आहे. ओटावा नदीकाठच्या अल्गॉन्क्विन लोकांवरून एका विस्तीर्ण भाषाकुळास नाव मिळाले. त्या कुळातील अरापाहो ही पश्चिमेच्या माळरानावरील भाषा, आज वायोमिंग आणि ओक्लाहोमा येथे थोड्या वृद्धांच्या मुखी उरलेली. तिच्यात ध्वनींची उलथापालथ एवढी झाली, की जुन्या 'प'च्या जागी 'क' किंवा 'च' आला आणि जुना 'क' बहुतांशी लुप्त झाला. त्याच कुळातील ओजिब्वे भाषेत पाण्यास 'निबी' म्हणतात, अरापाहोत 'नेच'. कानाला हे सोयरे वाटत नाहीत; परिवर्तनाची नियमितता तेवढी साक्ष देते, आणि आमच्या शास्त्रात ग्राह्य साक्ष तीच. अरापाहो आणि अल्गॉन्क्वियन यांत भेद काय, असे विचारणे म्हणजे एखादा गृहस्थ आणि त्याचे घराणे यांत वेगळे काय, असे विचारण्यासारखे आहे. कुळास त्यातीलच एका घटकाचे नाव देण्याची ही चाल मला मुळीच पसंत नाही. तीमुळे इतर भाषा उगाच त्या एकीच्या शाखा भासू लागतात.

वाशीच्या जुन्या गावठाणातील आगरीची गोष्ट याहून निराळी. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात ती मराठीच्या कोकणी रूपांत दाखल आहे. परंतु मराठी ही स्वतः बोलली जाणारी भाषा आहे, मुंडा किंवा अल्गॉन्क्वियन यांसारखी केवळ वंशावळीतील संज्ञा नव्हे.

खानेसुमारीत मातृभाषेच्या रकान्यात सांगणारा जे नाव सांगेल तेच नोंदविण्याचा रिवाज आहे, आणि भाषांचे गट लावण्याचे काम मागाहून दप्तरात होते. कोरकू म्हणून 2011 साली 7,27,133 माणसांची गणना झाली. पुढील वेळी प्रगणक दारी येईल तेव्हा वाशीतील आगरी वाचकांनीही, घरात आगरी बोलत असल्यास, निःसंकोचपणे 'आगरी' असे सांगावे. वर्गवारीची चिंता आम्हा अभ्यासकांवर सोडावी.