चौदा बाहुल्या

आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आला की आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहातील दोन शिवणयंत्रांना तेलपाणी होते आणि घराघरांतून जुनी लुगडी, विरलेली पातळे, चादरींचे तुकडे जमू लागतात. रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या खाडीपासून फार दूर नसलेले हे लहानसे धर्मग्राम. दुपारची कामे उरकून येथील स्त्रिया एकत्र बसतात आणि चिमुकल्यांसाठी चिंध्यांच्या बाहुल्या, कापडी हत्ती, मासे, कुंच्या आणि दुपटी शिवतात. त्यांच्यातच एका कोपऱ्यात, चष्मा नाकावर ओढून, पन्नाशी उलटलेला एक धर्मगुरू सुई-दोरा घेऊन बसलेला दिसतो. त्याचा धावदोरा अजूनही सरळ जात नाही. तो धर्मगुरू म्हणजे मी.

"फादर, तुम्हाला ही हौस कशी लागली?" असे पाहुणे विचारतात. मी हसून वेळ मारून नेतो. वास्तविक ती हौस नाही, ऋण आहे. ते कोणाचे आणि कसे, हे आज वाचकांपुढे मोकळेपणाने मांडावे असे वाटते.

आमच्या बालपणी शिवलेल्या वस्तूंचे अप्रूप कोणालाच नव्हते, कारण घरात दुसरे काही नसेच. घरात बाळ येणार अशी चाहूल लागली की आजी जुन्या सुती लुगड्यांची चळत काढून बसे. नवे कापड कितीही सुंदर असले तरी त्यातली खळ बाळाच्या अंगाला टोचते. शेकडो वेळा धुतलेले लुगडे मात्र सायीसारखे मऊ झालेले असते. म्हणून नवजात बाळाच्या अंगावर प्रथम जुनेच वस्त्र घालायचे, ही आपल्या थोरामोठ्यांची रीत. झबली, टोपडी, कुंची, दुपटी असा सारा बाळंतविडा घरातच तयार होई. उरलेल्या चिंध्यांची बाहुली होई. लाकडाची ठकी किंवा सावंतवाडीची रंगीत खेळणी एखाद्याच घरी असत; चिंध्यांची बाहुली मात्र सर्वांच्या घरी असे.

आमच्या या किनाऱ्याचे आणि कापडाचे नाते तसे फार जुने. चौलचे बंदर एके काळी रेशमी आणि सुती वस्त्रांसाठी दूरदूरच्या देशांत ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन याने येथील रेशीमकामाची नोंद करून ठेवली आहे. १७४० साली पोर्तुगिजांनी चौल मराठ्यांच्या स्वाधीन केले. पुढे बंदराचे वैभव ओसरले. तटबंदी ढासळली, पण खाडीपलीकडच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज भाषेतून जन्मलेली आपली बोली आजतागायत जपली आहे. ती त्यांना कोणत्या शाळेने शिकवली नाही. ती आईच्या मांडीवरून लेकराकडे आली. टाका घालण्याची विद्याही अशीच मांडीवरून मांडीवर जाते, आणि एका पिढीने हात आखडला की तेथेच संपते.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. २००१ सालची ही हकिकत. मी नुकताच साहाय्यक धर्मगुरू म्हणून याच धर्मग्रामात आलो होतो. अंगात उत्साह होता आणि आपण काहीतरी भव्य करून दाखवावे अशी तरुण वयातील ईर्षाही होती. बालवाडीतील चाळीस मुलांना नाताळची भेट द्यायची असे मी जाहीर केले, वर्गणी जमवली आणि मुंबईच्या घाऊक बाजारातून चकचकीत प्लॅस्टिकची खेळणी आणली. मोटारी, विमाने, निळ्या डोळ्यांच्या गोऱ्यापान बाहुल्या!

नाताळच्या चार दिवस आधी एक वृद्ध विधवा माझ्याकडे आली. वेदीवरील वस्त्रे धुऊन इस्त्री करून आणण्याची सेवा ती कित्येक वर्षे करत होती. सारे तिला मावशी म्हणत. पदराखालचे गाठोडे सोडून तिने टेबलावर बाहुल्या मांडल्या. मी मोजल्या, चौदा होत्या. सावरीचा कापूस भरलेली डोकी, काळ्या दोऱ्याने काढलेले डोळे, लोकरीचे केस आणि प्रत्येकीला वेगळ्या काठाचे लुगडे.

"फादर, माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठपण लावलाय एकीला. तुमच्या पोरांना द्या," ती म्हणाली.

मी तोंड भरून आभार मानले. ती गेल्यावर मात्र त्या बाहुल्यांकडे पाहून मला संकोच वाटला. मुंबईहून पाहुणे येणार, छायाचित्रे निघणार. त्यांत या चिंध्या कशा दिसतील? शिवाय काही मुलांना झगमगते खेळणे आणि काहींना चिंध्यांची बाहुली दिली तर रडारड होईल, असे कारणही मनाने शोधून दिले. मी त्या चौदाही बाहुल्या सॅक्रिस्टीच्या कपाटात, मागच्या बाजूला ठेवल्या आणि विसरलो.

कार्यक्रम थाटात झाला. तीन राजांच्या सणापर्यंत मोटारींची चाके निखळली होती आणि विमानांचे पंख अंगणात पडले होते. त्या सणाच्या मिस्सानंतर मावशीने मला दारात गाठले. "फादर, माझ्या बाहुल्या आवडल्या का पोरांना?"

"हो मावशी, फार आवडल्या," मी म्हणालो.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग "बरं झालं," एवढेच म्हणून निघून गेली.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात असत्यभाषणाचा प्रश्न मी अभ्यासला होता. संत ऑगस्टीन यांनी असत्याला कोणत्याही सबबीवर सवलत दिलेली नाही, हे मी परीक्षेत उत्तम गुण मिळवून लिहिले होते. आणि प्रत्यक्षात एका वृद्धेसमोर, वेदीपासून वीस पावलांवर, माझ्या तोंडून किती सहजपणे खोटे निघाले! 'तिला बरे वाटावे म्हणून बोललो' असे मी स्वतःला समजावले. खरे तर मला स्वतःलाच बरे वाटावे म्हणून मी ते बोललो होतो.

२००४ साली माझी बदली झाली. २०१९ मध्ये प्रमुख धर्मगुरू म्हणून मी पुन्हा येथे आलो, तेव्हा मावशीला जाऊन सात वर्षे झाली होती. पहिल्याच आठवड्यात मी ते कपाट उघडून पाहिले. बाहुल्या नव्हत्या. कोणीतरी अडगळ समजून फेकून दिल्या असतील, असा मी निष्कर्ष काढला. खोटे सांगणे राहिले बाजूला, आता तिची मेहनतही मातीला मिळाली, ही टोचणी मनाला लागली.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. आधीच महासाथीचे दिवस. सभागृहात आमच्या स्त्रिया मुखपट्ट्या शिवत होत्या, तोच हा तडाखा. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले. काही कुटुंबे सभागृहात आश्रयाला आली. रात्री कंदील घेऊन मी त्यांची विचारपूस करत फिरत होतो. एका कोपऱ्यात सहा वर्षांचा मुलगा भिजलेल्या गाठोड्याला टेकून झोपला होता. त्याच्या छातीशी एक विटकी बाहुली होती. एक डोळा उसवलेला, केस झडलेले. पण लुगड्याचा हिरवा काठ ओळखू येत होता.

"ही कुठून आली?" मी त्याच्या आईला विचारले.

"थोरलीच्या बाप्तिस्म्याला मावशींनी दिली होती, फादर. आता हा घेतो."

वादळ ओसरल्यावर मी मावशीच्या सुनेकडे गेलो. बोलू की नको अशा संकोचात ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने जे सांगितले ते असे : नाताळनंतर वेदीची वस्त्रे धुण्यासाठी काढताना सासूबाईंनी बाहुल्या कपाटात पाहिल्या. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. पुढे गावात बाप्तिस्मा असला की त्या कपाटातून एक बाहुली काढत, धुऊन वाळवत आणि बाळाच्या पाळण्यात नेऊन ठेवत. चौदाही अशा पोहोचल्या. सुनेला त्यांनी बजावले होते, "फादरना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे तीन राजांच्या सणाला तिने मला प्रश्न केला, तेव्हा तिला सारे ठाऊक होते. तिने मला खरे बोलण्याची संधी दिली होती. ती मी दवडली. तरीही तिने मला उघडे पाडले नाही. उलट माझे खोटे तिने आपल्या हातांनी, एकेका पाळण्यापाशी जाऊन, खरे करून दाखवले.

त्या रात्री मी प्रेषितांची कृत्ये उघडून नववा अध्याय वाचला. यापो येथील टबीथा, म्हणजेच दुर्कस, मरण पावते. पेत्र येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती जमतात आणि दुर्कसने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिच्या गुणांचे भाषण कोणी करत नाही, केवळ कापड पुढे करतात. या उताऱ्यावर मी अनेकदा प्रवचन केले होते, पण त्या विधवांच्या हातांतील कापडाचा स्पर्श मला त्या दिवशी प्रथमच जाणवला. तसाच हन्नेचा प्रसंग. बाळ शमुवेल देवाला वाहून टाकल्यावर त्याची आई दरवर्षी एक लहानसा झगा करून शिलोला नेत असे. वर्षभरात मूल किती वाढले असेल, याचा अदमास तिला मनातच बांधावा लागत असणार. शिवणे म्हणजे समोर नसलेल्या लेकराचे माप मनात धरणे होय.

विज्ञानही वेगळे सांगत नाही. १९५८ साली हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या पिलांवरील आपले प्रयोग मांडले. तारेची 'आई' दूध देई आणि मऊ कापडाची 'आई' काहीच देत नसे. तरीही पिले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून राहत. त्या मुक्या जीवांची ताटातूट क्रूर होती, हे खरे. पण बाळाला उबेची भूक दुधाइतकीच असते, हे त्यातून जगाला पटले.

जर्मनीतील मार्गारेट श्टाइफ हिची कथाही मी आमच्या स्त्रियांना सांगतो. १८४७ साली जन्मलेल्या या मुलीचे पाय बालपणीच पोलिओने गेले, उजवा हातही दुखरा राहिला. तरी ती शिवण शिकली. १८८० साली तिने टाचण्या खोचण्यासाठी लोकरी फेल्टचे छोटे हत्ती शिवले, आणि मुलांनी ते खेळायला पळवले. त्यातून पुढे जगप्रसिद्ध कापडी खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. आमच्या येथे चालू न शकणारी एक मुलगी आहे. ती आता आमच्यात सर्वांत सुबक हत्ती शिवते.

मी शिवायला बसलो तो असा. प्रथम बोटे रक्ताळली, अंगुस्तान घालूनही! स्त्रिया पदराआड हसल्या. पण त्यांनीच मला शिकवले : कापड आधी धुऊन उन्हात वाळवावे, दोन्ही तुकडे उलट बाजूने जोडून बारीक उलटी टीप घालावी, दोन बोटे शिरतील एवढी फट ठेवून सुलटे करावे, कापूस थोडा थोडा पण घट्ट भरावा आणि फट आतून टाके घालून मिटवावी. तीन वर्षांखालील मुलासाठी गुंडी किंवा मणी कधीही लावू नये, कारण तो निघून घशात अडकण्याचे भय असते. डोळे दोऱ्यानेच काढावेत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर मानक ब्युरोची आयएसआय खूण सक्तीची झाली आहे. बाजारातून घ्यायचेच असेल तर तीही पाहावी.

प्रिय वाचकहो, बाजारातील खेळणे देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. आईबापांना वेळ नसतो, हे मी जाणतो. पण बेथलेहेमच्या त्या रात्री मरियेपाशी बाळासाठी दुसरे काही नव्हते. तिने त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत निजवले. मेंढपाळांना दिलेली खूणही तीच होती. यंदाच्या आगमनकाळात प्रत्येक घराने एका जुन्या लुगड्यातून एक वस्तू शिवावी आणि शेजारच्या एखाद्या लेकराला द्यावी. टाका वाकडा आला तरी चालेल. आणि कोणी अशी वस्तू तुमच्या हातात ठेवली, तर ती कपाटात ठेवू नका.

दरवर्षी मृतांच्या दिनी मी मावशीच्या कबरीपाशी जातो. तिच्याकडे क्षमा मागायची राहून गेली. ती आता तेथेच मागतो. पापनिवेदन मी केले आहे आणि त्या खोट्याची क्षमा मला मिळाली आहे, यावर माझा विश्वास आहे. तरीही प्रायश्चित्त म्हणून नाताळापूर्वी चौदा बाहुल्या स्वतःच्या हाताने शिवायच्या, असा नेम मी केला आहे. यंदाच्या नऊ झाल्या. पाच अजून शिवायच्या आहेत.