पाय मोडण्याची कळ

२००३ साली बाजारात आलेला थिंकपॅड टी-४० हा लॅपटॉप आमच्या मराठी विभागात अजून वापरात आहे. मध्यंतरी त्याची 'डी' ही एकच कळ निकामी झाली. इंग्रजीचे एक अक्षर गेले. मराठीची मात्र बहुतेक जोडाक्षरे गेली. इनस्क्रिप्ट मांडणीत अक्षराचा पाय मोडण्याची खूण त्याच कळीवर आहे, आणि शिफ्टसह 'अ'. 'महाराष्ट्र'चे 'महाराषटर' झाले. जिल्ह्याचे नावही लिहिता येईना: अहमदनगरचा 'अ' गेला, २०२४ पासूनच्या अहिल्यानगरचा 'अ' गेला आणि 'ल्या'ही.

दुरुस्ती करणाऱ्याने कळ काढून दाखवली. खाली रबराची टोपी, त्याखाली प्लॅस्टिकचे पापुद्रे. टोपी बदलता येते. पापुद्र्यावरचा वाहक लेप झिजला, तर बहुधा अख्खा कळफलकच बदलावा लागतो. भंगारातल्या दुसऱ्या यंत्राचा मिळाला, तो बसवला.

एवढ्या जुन्या यंत्रासाठी हा खटाटोप कशाला, असे सहकारी विचारतात. रोमन अक्षरांत टंकले की आजचे सॉफ्टवेअर जोडाक्षर आपणहून जुळवून देते, हे खरे. इनस्क्रिप्टवर मात्र अक्षराचा पाय कुठे मोडायचा, ते दर वेळी लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. मराठीच्या विद्यार्थ्यांना ही सवय असावी, असे आम्हांस वाटते.