पाऊस नको असलेलं नगर

पेरूतल्या त्रुहियो शहरातून वांचाकोच्या किनाऱ्याकडे निघालं की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मातकट टेकाडं दिसू लागतात. टॅक्सीवाल्याने बोट दाखवलं नसतं, तर ते चान चान आहे हे मला कळलंही नसतं. चिमू राजांची ही राजधानी साधारण २० चौरस किलोमीटरवर पसरलेली, आणि जवळजवळ सगळी कच्च्या विटांची.

नगराच्या मधोमध नऊ-दहा मोठे वाडे आहेत. नवा राजा गादीवर आला की स्वतःसाठी नवा वाडा बांधायचा आणि आधीच्याचा वाडा त्याच्या थडग्यासह मागे राहायचा, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. पर्यटक सहसा बघतात तो निक आन हा वाडा. त्याच्या भिंती पायाशी रुंद आणि वर निमुळत्या. काही ठिकाणी या नगरातल्या भिंतींची उंची ९ मीटरपर्यंत जाते.

आत मात्र सगळा समुद्र आहे. मातीच्या भिंतीवर माशांच्या रांगा, पाणपक्षी, लाटा, आणि जाळ्याच्या विणीसारखी चौकटींची जाळी. एका भिंतीवर मासे दोन उलट दिशांना पोहतात. एक दिशा दक्षिणेकडून येणाऱ्या थंड प्रवाहाची, दुसरी उत्तरेकडच्या उबदार पाण्याची, असं वाटाड्याने सांगितलं. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिले.

कारण या नगराचं सगळं नशीब त्या दोन प्रवाहांत आहे. थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून तर मातीचं नगर शतकानुशतकं उभं राहिलं. पाण्यासाठी चिमूंनी नदीचे कालवे काढले, जमिनीत खोल विहिरी खणल्या. निक आनमध्ये असाच एक प्रचंड चौकोनी तलाव आहे. त्यात तोतोरा नावाचं लव्हाळं दाट वाढलंय. वांचाकोचे कोळी याच लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून आजही होड्या करतात.

१४७०च्या सुमारास इंकांनी हे राज्य जिंकलं आणि इथल्या सोनारांना कुस्कोला नेलं. पुढे स्पॅनिशांनी सोन्यासाठी थडगी उकरली. तरीही भिंतींचा खरा वैरी पाणीच. समुद्र तापला, एल निनो आला, की या वाळवंटात मुसळधार कोसळतो. १९८३, १९९८, २०१७ अशी ती वर्षं. युनेस्कोने १९८६ मध्ये चान चानला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं.

म्हणून नक्षीच्या भिंतींवर आता छपरं घातली आहेत. जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातून आलेल्या मला ती बघताना पोटात कसंसंच झालं. निघताना समुद्राकडून धुकं आलं, हातावर बारीक थेंब जमले. वाटाड्याने वर आभाळाकडे पाहिलं, मग त्या भिंतींकडे.