आज वार कुणाकडे?

पुण्याच्या काही पेठांना वारांची नावं आहेत, त्यामुळे जुन्या काळी वार लावून जेवणाऱ्या मुलाचा आठवडा मोठा गमतीचा होई. सोमवारचं जेवण शनिवारात, मंगळवारचं सदाशिवात, बुधवारचं नारायणात, गुरुवारी पुन्हा शनिवारातच, पण पलीकडच्या आळीत. कोकणातून नाहीतर देशावरून शिकायला आलेलं पोर. गाठीला पैसा नाही, शहरात नात्याचं कुणी नाही. त्याला सात घरं मिळाली की त्याचं वर्ष निघालं. कुठे पोळीवर तुपाची धार पडे, कुठे नुसतं वरणभातावर भागे, कुठे वाढणारीच्या कपाळावरची आठी पानाबरोबर गिळावी लागे. पण गुरुवार आपला आहे हे त्या घराला ठाऊक असे. त्या सकाळी तांदूळ धुवायला घेताना बाईचा हात आपसूक आणखी एका मुठीसाठी डब्यात जाई.

आठवड्यातून एक पान, ही काही फार मोठी मदत नव्हे. त्यापायी कुणाचं घर बसलं नाही, कुणाचं नाव दगडावर कोरलं गेलं नाही. तरीही माणसं माणसांना जितक्या परींनी हात देतात, त्या सगळ्यांत मला ही रीत फार जवळची वाटते. मुलाला रोज नव्याने कुणापुढे उभं राहावं लागत नसे. बुधवारी रात्री दिव्याशी वाचत बसताना उद्याच्या जेवणाचा घोर त्याच्या डोक्यात नसे. देणाऱ्याने अन्न दिलंच, पण त्याबरोबर डोक्यातली ही मोकळी जागाही दिली. एखाद्याचा शनिवार रिकामा राहिला, तर तेवढा एक दिवस त्याला आठवडाभर टोचत राही.

या रिवाजाला एक मोठं वैगुण्य होतं आणि ते झाकून पुढे जाणं बरोबर नाही. वार जात पाहून मिळत. ज्यांच्या जातीची खाऊनपिऊन सुखी घरंच शहरात नव्हती, त्या मुलांना कोण आणि कुठल्या वारी वाढणार? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहं उभी राहिली, ती या प्रश्नाला उत्तर म्हणून. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. साताऱ्यात १९२४ साली त्यांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. त्या पंगतीसाठी चुलीशी उभ्या होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. धान्य संपलं की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना जाई. शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्या काळातल्या बाईने सौभाग्याचं लेणं मुलांच्या भाकरीसाठी उतरवून ठेवणं म्हणजे काय, याचा आज नीट अंदाज करता येणं कठीण आहे. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, पण मला त्या आठवतात त्या रिकाम्या होत चाललेल्या कणगीशी उभं राहून पंगतीचा हिशेब जुळवताना.

अशा वसतिगृहांसाठी गावोगाव मुष्टिफंड चाले. दळायला बसण्याआधी घरातली बाई एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकी आणि ठरलेल्या दिवशी कुणीतरी येऊन ते मडकं रिकामं करून नेई. जिच्या स्वतःच्या घरी उद्याचं दळण आहे की नाही याची शाश्वती नव्हती, तीही मूठ टाकी. ती मूठ ज्याच्या ताटात पडे त्याचं तोंडही तिने पाहिलेलं नसे.

आजही हे बघायचं असेल तर आषाढीच्या आधी यवतला जावं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून लोणी काळभोरवरून यवतला येते, आणि त्या रात्री तिथे पिठलं-भाकरी असते. गावाला हे सांगावं लागत नाही. घरोघर दुपारपासून तवे तापलेले असतात, भाकरी थापल्याचा थपथप आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतो. भाकरींच्या चळती फडक्यात बांधून पोरं धावत नेऊन देतात. मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटत असतं. घोटणारे बाप्ये घामाने निथळलेले असतात, आणि हिरव्या मिरचीचा ठसका वाऱ्यावर इतका लांब जातो की मागून येणाऱ्या दिंड्यांना मुक्काम आल्याचं नाकानेच कळतं. दिवसभर चालून आलेली म्हातारी भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर पिठलं घेते. तिला कुणी गाव विचारत नाही, आडनाव विचारत नाही. वारीच्या वाटेवर चर्मकार तुटलेल्या वहाणा शिवून देतात, नाभिक दाढ्या करून देतात, तरणी मुलं तेल घेऊन म्हाताऱ्यांचे पाय चोळतात. ज्याच्या हातात जे आहे ते तो देतो. यातला कुणी ‘मी मदत केली’ असं म्हणणार नाही; सेवा केली म्हणेल, किंवा तेही म्हणणार नाही.

संकटात धावून जाणं हे वेगळं आणि तेही थोर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून घरी निघालेल्या अनोळखी माणसांना मुंबईकरांनी आपल्या घरांत झोपवलं, चहा-बिस्किटं दिली, दोर बांधून रस्ते ओलांडून दिले. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे राज्यभरातून टेम्पो गेले. तेव्हा मन भरून आलं नाही असा माणूस विरळा. पण पूर ओसरतो आणि टेम्पो परततात. भिंतीवरची ओल मात्र दिवाळीपर्यंत राहते, आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांची गरजही. त्या दिवसांत कोण येतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रक्ताचं पाहा. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिन, मग गणपती, अधूनमधून पुढाऱ्यांचे वाढदिवस, अशी शिबिरांची रीघ लागते. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि रक्तपेढ्यांना तुटवडा. ऑगस्टचं औदार्य मेपर्यंत साठवता येत नाही, कारण लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट तर जेमतेम पाच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. त्याच्या आजाराला सण कळत नाहीत. आमच्या ओळखीचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कर्करोगाच्या लहान रुग्णांसाठी नेमाने प्लेटलेट देतात. तास-दीड तास खुर्चीत निजून राहायचं, मुठीतला चेंडू दाबत राहायचं; यंत्र रक्त ओढतं, प्लेटलेट काढून घेतं आणि उरलेलं अंगात परत सोडतं. मधेच ओठांभोवती मुंग्या येतात, मग चघळायला कॅल्शियमची गोळी देतात. ते घरी येतात, भात खातात, झोपतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तारखेला पेन्सिलीने गोल केलेला असतो. ते मूल कोण, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

माझा स्वतःचा संबंध आला तो दृष्टिहीन विद्यार्थ्यांशी. आम्ही काहीजणी त्यांना पुस्तकं वाचून दाखवतो, धडे ध्वनिमुद्रित करून देतो. परीक्षेत लेखनिक म्हणून बसायला मात्र आम्ही चालत नाही. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा, असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो. तो रास्तही आहे. त्यामुळे आमच्या शेजारची अकरावीतली मुलगी बीएच्या मुलासाठी बसली. दृष्टिहीनांना तासामागे वीस मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. चार तास तिने दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवलं. इतिहासाचा पेपर होता. वसईचा तह, त्याने सांगितलं, १८०३. तिला साल बरोबर माहीत होतं, पेन क्षणभर थांबलं, आणि तिने १८०३ लिहिलं. घरी आल्यावर ती म्हणाली, “काकू, पोटात नुसतं कालवत होतं हो. पण पेपर त्याचा आहे ना.” दोन उत्तरं पुढे गेल्यावर तो मुलगा एकदम म्हणाला होता, “मागे तहाचं साल काय सांगितलं गं मी? तीन? दोन कर, दोन.”

त्या पोरीने त्या दिवशी जे केलं ते मला कित्येक देणग्यांपेक्षा मोलाचं वाटतं. आपल्याला येत असूनही दुसऱ्याच्या जागी आपण न बोलणं, त्याची चूक त्याच्यापाशी राहू देणं आणि ती दुरुस्त करण्याची संधीही त्याच्यापाशीच ठेवणं, हे मोठ्यामोठ्यांना जमत नाही. आपण मदत करायला जातो आणि हळूहळू माणसाच्या आयुष्यात सल्ले देत बसतो. मुलगा किती शिकावा, बाईने कुठली नोकरी धरावी, पैसे कशावर खर्चावेत, हे सगळं आपण ठरवू लागतो.

अडचण अशी की लेखनिक हवे असतात तेव्हाच लेखनिकांच्याही परीक्षा असतात. मार्च-एप्रिलमध्ये होकार दिलेली मुलंही ऐन वेळी अडकतात. कुणाचा पेपर पुढे ढकलला जातो, कुणाला ताप येतो, कुणाच्या घरी लग्न निघतं. पेपर अकराला सुरू होणार आणि साडेनऊला फोन येतो, “मावशी, मला नाही जमणार.” तिकडे तो विद्यार्थी पांढरी काठी घेऊन केंद्रावर पोहोचलेलाही असतो. म्हणून आमच्यातल्या एका शिक्षिकाबाई डिसेंबरपासून वही घालतात. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात परीक्षार्थी, तिसऱ्यात लेखनिक, आणि चौथा रकाना त्यांनी स्वतःच्या अनुभवातून वाढवलेला: ऐन वेळी नाही जमलं तर कोण. तो चौथा रकाना भरणं सगळ्यांत जिकिरीचं, कारण तिथे नाव देणाऱ्याला बहुधा बोलावणं येतच नाही, तरी सकाळ मोकळी ठेवावी लागते. यंदाच्या वहीत मार्चची पानं बरीचशी भरली आहेत. एप्रिलमध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या दिवशी चौथा रकाना अजून कोरा आहे. आमच्या इमारतीत दहावीची परीक्षा देऊन मोकळी होणारी दोन मुलं आहेत. त्यांच्या आयांशी मी या रविवारी बोलणार आहे.