एका रुळावरची गाडी आणि आपली सावड



परिसर अभ्यासात 'वाहतूक' हा घटक आला की फळ्यावर तीन रकाने पडतात. जमिनीवरची, पाण्यावरची आणि हवेतली. मुलं बैलगाडीपासून विमानापर्यंत भराभर नावं सांगतात. यंदा मी या तीन रकान्यांआधी मुलांपुढे एकच वाहन ठेवलं, मोनोरेल. मोबाइलवर तिचा फोटो दाखवला आणि विचारलं, "ही कोणत्या रकान्यात लिहायची?" वर्गात दोन तट पडले. चाकं आहेत म्हणून जमिनीवरची, असं अर्ध्या वर्गाचं म्हणणं. ती तर घरांच्या वरून चाललीय, म्हणून हवेतली, असं बाकीच्यांचं. एक मुलगा मात्र तिसरंच बोलला, "मॅडम, एकाच रुळावर ती पडत नाही का?"

पाठ खरा सुरू झाला तो या प्रश्नापासून. तुम्हालाही वर्गात किंवा घरी वापरता यावा म्हणून तो इथं मांडते.

पडत कशी नाही?

आधी नाव फोडलं. मोनो म्हणजे एक, रेल म्हणजे रूळ. आमच्या मुलांनी रेल्वे पाहिलीय ती जालन्याच्या स्टेशनवर. निजामाच्या काळात, १९०० साली हैदराबाद–मनमाड रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला दोन रुळांची गाडी माहीत आहे. मग एका रुळावर तोल कसा राहतो?

वर्गात वीट कडेवर उभी करून एकापुढे एक अशा चार विटा लावल्या. त्यांवर सपाट पुठ्ठा ठेवला आणि हलकासा धक्का दिला. पुठ्ठा पडला. मग तोच पुठ्ठा दोन ठिकाणी दुमडून उलट्या पन्हळीसारखा केला आणि विटांवर बसवला. आता तो पुढे-मागे सरकतो, पण बाजूला पडत नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "गाढवावरच्या गोणीसारखं!" अगदी बरोबर. दोन्ही बाजूंना भार लोंबतो आणि मधला कणा तो पेलतो.

खऱ्या मोनोरेलमध्ये हा कणा म्हणजे खांबांवर टेकलेली काँक्रीटची तुळई. गाडीची रबरी चाकं तिच्या माथ्यावरून धावतात आणि आडवी बसवलेली लहान चाकं तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. वीजही तुळईच्या अंगालाच बसवलेल्या पट्टीतून मिळते. दुसराही एक प्रकार आहे. जपानमधल्या चिबा शहरात आणि शोनान भागात गाडी तुळईच्या खाली टांगलेली असते. शिंकं सांगितलं की मुलांना ते लगेच कळतं.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पंजाबातल्या पतियाळा संस्थानात १९०७ साली एका रुळावरची गाडी सुरू झाली होती. तिची काही चाकं रुळावर असायची आणि तोल सांभाळणारं एक चाक बाजूच्या रस्त्यावरून चालायचं. तिचं वाफेचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. सहल तिकडे गेली तर मुलांना जरूर दाखवा.

जपानने ती कुठे वापरली?

टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक भरणार होतं. जगभरातून पाहुणे हानेडा विमानतळावर उतरणार आणि शहरातले रस्ते गाड्यांनी भरलेले. म्हणून विमानतळापासून हामामात्सुचो स्टेशनपर्यंत मोनोरेल बांधली. १७ सप्टेंबर १९६४ रोजी ती सुरू झाली आणि १० ऑक्टोबरला ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. ऑलिंपिक संपल्यावर मात्र तिकीट महाग पडू लागलं, प्रवासी घटले आणि पुढे दर उतरवावे लागले. तरी ती गाडी आजही चालते आहे. त्याचं एक कारण म्हणजे हामामात्सुचोला उतरलेला माणूस तिथंच शहराच्या मुख्य रेल्वेत बसतो. पाहुणाही बसतो आणि विमानतळावर कामाला जाणारा नोकरदारही.

मला जास्त भावली ती ओकिनावा बेटावरच्या नाहा शहराची गोष्ट. तिथली जुनी छोटी रेल्वे १९४५ च्या युद्धात उद्ध्वस्त झाली. त्यानंतर ५८ वर्षं त्या बेटावर रेल्वेच नव्हती. १० ऑगस्ट २००३ रोजी विमानतळ ते शुरी अशी मोनोरेल सुरू झाली आणि २०१९ मध्ये ती पुढे वाढवली. शुरीचा प्राचीन किल्ला पाहायला येणारे प्रवासी तिच्यात असतात, तशीच दप्तर घेतलेली शाळेची मुलंही असतात. प्रत्येक स्टेशन येण्याआधी ओकिनावाच्या एकेका लोकगीताची धून वाजते. वाचता न येणाऱ्या माणसालाही आपलं स्टेशन आलेलं कळावं, ही किती साधी युक्ती!

या गाडीचं नाव आहे 'युई रेल'. ओकिनावाच्या बोलीत 'युईमारू' म्हणजे एकमेकांच्या कामाला हात लावणं. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. मी हे सांगितल्यावर एक मुलगी सहज म्हणाली, "म्हंजे सावड." मला वेगळं समजावून सांगावंच लागलं नाही.

आपली मुंबईची मोनो

महाराष्ट्रातही मोनोरेल आहे, हे अनेक मुलांना माहीत नव्हतं. एका मुलाला मात्र चांगलं माहीत होतं. त्याचा मामा अँटॉप हिलला राहतो आणि मामाच्या गॅलरीतून ती दिसते. मग पुढचा तास त्यालाच बोलू दिलं.

२ फेब्रुवारी २०१४ पासून चेंबूर ते वडाळा डेपो या टप्प्यावर लोक मोनोतून प्रवास करू लागले. पहिल्या दिवशी नुसती गाडी पाहायला आणि एक फेरी मारायला झुंबड उडाली होती. पुढचा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि साधारण २० किलोमीटरवर १७ स्टेशनं झाली. त्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचली. एक स्टेशन आचार्य अत्रे नगर आणि शेवटचं संत गाडगे महाराज चौक. 'नवयुग वाचनमाला' लिहिणारे अत्रे आणि हातात खराटा घेऊन गावं झाडणारे गाडगेबाबा एकाच मार्गावर भेटले, म्हणून त्या दिवशी भाषेचा तासही यातच झाला.

पण पाठ इथं थांबवला तर तो अर्धाच राहील. ही गाडी रोज फारशी भरत नसे. पहिल्या टप्प्यातली स्टेशनांची नावंच पाहा. फर्टिलायझर टाउनशिप, भारत पेट्रोलियम. कारखान्यांच्या या पट्ट्यात वस्ती विरळ. चेंबूरला लोकलमधून उतरलेल्या माणसाला मोनोसाठी वेगळं चालत जावं लागे. गाड्याही मोजक्याच, त्यामुळे ताटकळणं आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्टेशनजवळ रिकाम्या गाडीचे डबे जळाले आणि सेवा दहा महिने बंद राहिली.

मग आली १९ ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ. मुंबईत धो धो पाऊस, हार्बरच्या लोकल बंद. एरवी रिकामी धावणाऱ्या मोनोत लोक दाटीवाटीनं चढले. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्यामध्ये गाडी अडकली. आत वीज नाही, हवा नाही. तुळईच्या बाजूला पाय ठेवायलाही जागा नसते. जी सडपातळ बांधणी अरुंद रस्त्यावर सोयीची पडते, तीच अशा वेळी अडचणीची ठरते. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्या लावून माणसं खाली उतरवली. नंतर, २० सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्यासाठी ही सेवा थांबवण्यात आली.

यातून एक गणितही मिळालं. एमएमआरडीएने सांगितल्याप्रमाणे गाडीची क्षमता १०४ टन होती आणि त्या दिवशी भार सुमारे १०९ टन झाला. जास्तीचे ५ टन म्हणजे किती? ५,००० किलो. म्हणजे ५० क्विंटल. म्हणजे ५० किलोच्या सोयाबीनच्या १०० गोण्या! मोंढ्यात गोण्या पाहिलेल्या मुलांनी डोळेच विस्फारले.

काही पालकांना वाटेल, एवढ्या लहान मुलांना बंद पडलेल्या गाडीची गोष्ट कशाला? मला वाटतं, ती सांगायलाच हवी. तंत्रज्ञान म्हणजे नुसती झगमग, असं चित्र पुस्तकातून मनात बसतं. एकाच प्रकारची गाडी एका गावी का रुजली आणि दुसऱ्या गावी का अडखळली, हे शोधायला लागलेलं मूल विचार करायला शिकतं. आमच्या मुलांनी शोधलेलं उत्तर त्यांच्याच शब्दांत असं होतं: "गाडीनं गाडीला हात दिला पाहिजे." लोकलनं मोनोला, मोनोनं बसला, बसनं पायवाटेला.

आणि आपला फाटा?

हे आपल्याला किती लागू आहे, ते पाहा. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून मुलं हसनाबादला शिकायला येतात. एसटी आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पासही मोफत आहे. पण बस थांबते फाट्यावर आणि घर असतं पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा की चप्पल हातात घ्यावी लागते. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली मका. संध्याकाळी लवकर अंधारतं. मुलीची शाळा सुटते ती बऱ्याचदा एवढ्याशा तुकड्यापायी. "आता बस झालं" असं घरात ज्या दिवशी म्हटलं जातं, त्या दिवशी मोफत पास कपाटातच राहतो.

माझ्या वर्गातून पुढे गेलेल्या दोन मुलींच्या घरी हीच चर्चा सुरू होती. पालकभेटीत मी त्यांना कसलंही भाषण दिलं नाही. फक्त युई रेलची आणि सावडीची गोष्ट सांगितली. वस्तीवरच्या चार घरांनी वार वाटून घेतले. सोमवारी एकाचे वडील, मंगळवारी दुसरीची आजी, असं कुणीतरी मोठं माणूस फाट्यापर्यंत जातं आणि सगळ्या मुलींना सोबत घेऊन येतं. यासाठी एक रुपया लागला नाही. त्या दोघी या पावसाळ्यात शाळेत येत राहिल्या. पाणंद अजून तशीच आहे, तिचं काम व्हायलाच हवं. तोवर सावड चालू आहे.

तुम्ही हे करून पाहा

१. विटा आणि दुमडलेल्या पुठ्ठ्याचा प्रयोग मुलांच्या हातून करून घ्या. पुठ्ठ्यावर खडे ठेवून तो कधी अडतो ते मोजू द्या.

२. प्रत्येक मुलानं घर ते मुंबई असा प्रवास-नकाशा काढावा. पायी, बस, रेल्वे, लोकल असे टप्पे असावेत. जिथं सर्वांत जास्त वाट पाहावी लागते तिथं लाल ठिपका द्यावा.

३. आपल्या गावच्या थांब्यासाठी कोणतं गाणं वाजावं, हे मुलांनी ठरवावं. ओवी, भारूड, काहीही चालेल. घरी आजीला विचारून यावं.

४. पालकांसाठी एकच काम. तुमच्या वस्तीवरून किती मुली शाळेला जातात आणि फाट्यापर्यंत त्या कुणासोबत येतात, याची आज रात्री जेवताना घरात चौकशी करा. एखादी एकटी येत असेल, तर तिच्या वाटेचा एक वार तुम्ही घ्या.