मनोऱ्यातला आवाज

विमानतळाजवळून जाताना तुम्ही एक उंच मनोरा पाहिला असेल. त्याच्या माथ्यावर चारही बाजूंनी काचा असलेली एक खोली असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते, आत बसणाऱ्यांचे बरे आहे! दिवसभर उंचावर बसायचे आणि विमानांची गंमत बघायची. माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशाच खोलीत गेली. मी भारतीय हवाई दलात हवाई वाहतूक नियंत्रक होतो. मी स्वतः विमान कधीच चालवले नाही. तरी रोज कितीतरी विमाने माझ्या शब्दावर उडत आणि माझ्या शब्दावर उतरत. त्या शब्दाची गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. चौकात वाहतूक पोलीस उभा असतो. त्याने हात दाखवला की गाड्या थांबतात. आकाशात मात्र विमान थांबू शकत नाही. त्याला सतत पुढे जावेच लागते. त्यातून धावपट्टी एकच आणि विमाने अनेक. कोणी आधी उतरायचे, कोणी वाट पाहायची, कोणी किती उंचीवर राहायचे हे ठरवण्याचे काम नियंत्रकाचे.

लष्करी तळावर हे काम आणखी अवघड होते. प्रवासी विमान वेळापत्रकाप्रमाणे एकेकटे येते. लढाऊ विमाने चार-चारच्या गटाने येतात. त्यांचा वेग फार आणि इंधन बेताचे. म्हणून लष्करी नियंत्रक घड्याळाबरोबर इंधनाचाही हिशेब ठेवतो. अमुक विमानात किती मिनिटांचे इंधन उरले आहे, हे त्याच्या डोक्यात पक्के असावे लागते.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. लोहगावचा विमानतळ १९३९ साली, इंग्रजांच्या काळात, लष्करी तळ म्हणून सुरू झाला. समुद्रसपाटीपासून १९४२ फूट उंचीवर असलेल्या या तळाच्या धावपट्टीवरून लढाऊ विमानेही उडतात आणि प्रवासी विमानेही. १९९७ साली सुखोई जातीची पहिली विमाने हवाई दलात दाखल झाली, ती इथेच. या धावपट्टीवरच्या सर्व विमानांना सूचना देतो तो हवाई दलाचा नियंत्रक. गोव्यात दाबोळीला हेच काम नौदलाचे लोक करतात.

मी पदवी घेतल्यावर हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेलो. निवड झाली. हैदराबादजवळ दुंडिगल येथे हवाई दलाची प्रबोधिनी आहे. तिथे कवायत, धावणे, शिस्त आणि अभ्यास यांत आम्हां सगळ्यांना घडवले गेले. त्यानंतर नियंत्रकाचे खास शिक्षण सुरू झाले. हवामान, नकाशे, बिनतारी यंत्रणा, विमानांचे प्रकार आणि उड्डाणाचे नियम असे बरेच विषय होते. एका मोठ्या टेबलावर विमानतळाची प्रतिकृती मांडलेली असे. आमच्यातलेच काही जण लाकडी विमाने हातात धरून टेबलाभोवती फिरत आणि वैमानिकांसारखे बोलत. एक जण नियंत्रक होऊन त्यांना सूचना देई. पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटला असता. पण दोन लाकडी विमाने एकाच वेळी धावपट्टीवर आली की वर्गात एकदम शांतता पसरे.

सगळ्यांत अवघड विषय कोणता होता, ठाऊक आहे? बोलणे! तुम्ही म्हणाल, बोलणे हा काय विषय झाला? पण थोडा विचार करा. बिनतारी यंत्रात खरखर असते. वैमानिकाच्या कानात इंजिनाची घरघर असते. अशा वेळी मराठीत 'सात' म्हटले काय आणि 'साठ' म्हटले काय, फरक ऐकू येईलच असे नाही. इंग्रजीतही 'फाइव्ह' आणि 'नाइन' हे आकडे यंत्रावर सारखे वाटतात. म्हणून नऊ हा आकडा आम्ही 'नाइनर' असा उच्चारतो. आकडे एकेक सुटे सांगतो. दिशा २७० असेल तर 'दोनशे सत्तर' न म्हणता 'दोन, सात, शून्य' म्हणतो. अक्षरांचेही तसेच. 'एम' आणि 'एन' यांत घोटाळा होऊ नये म्हणून 'माइक' आणि 'नोव्हेंबर' म्हणतो. अक्षरांची ही नावे १९५६ पासून जगभर सारखीच आहेत.

प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरलेला असतो. चित्रपटात वैमानिक सारखा 'रॉजर' म्हणताना तुम्ही ऐकले असेल. 'रॉजर' म्हणजे 'होय' नव्हे. 'तुमचा निरोप मला पूर्ण ऐकू आला' एवढाच त्याचा अर्थ. परवानगी किंवा उंची सांगितली असेल, तर नुसते 'रॉजर' चालत नाही. वैमानिकाने ती सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि आम्ही ती कान देऊन ऐकायची. एखादा आकडा चुकला, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा.

हा नियम किती मोलाचा आहे, हे सांगताना आमचे शिक्षक तेनेरीफ बेटावरचा अपघात सांगत. २७ मार्च १९७७ रोजी त्या बेटावरच्या विमानतळावर दाट धुके होते. धावपट्टीवर दोन प्रचंड जंबो विमाने होती. एक डच, दुसरे अमेरिकन. मनोऱ्यातून दोन्ही दिसत नव्हती. 'आम्ही आता उड्डाणावर आहोत' अशा अर्थाचे काहीतरी डच वैमानिक बोलला. नियंत्रकाला वाटले, तो उड्डाणाच्या तयारीत उभा आहे. तो 'ओके' म्हणाला आणि पुढे 'थांबा' असेही म्हणाला. पण त्याच क्षणी अमेरिकन विमानातूनही कोणी बोलले. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि डच विमानात 'ओके'च्या पुढे नुसती शिटी ऐकू आली. विमान तर धावू लागलेच होते. त्या टकरीत ५८३ माणसे मेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी दुसरा शब्द वापरायचा, असा कडक दंडक आहे.

शिक्षण संपले म्हणजे लगेच मनोरा ताब्यात मिळतो असे नाही. प्रत्येक तळाची धावपट्टी वेगळी, वारा वेगळा, जवळचे डोंगर वेगळे. नवा नियंत्रक आधी जाणत्या नियंत्रकाशेजारी बसून काम शिकतो. मग त्याची परीक्षा होते. त्यात उतरला तरच तो एकट्याने बोलू शकतो. दुसऱ्या तळावर बदली झाली की तिथले सारे पुन्हा शिकायचे!

तळावरचा दिवस पहाटे सुरू होतो. पहिले काम म्हणजे जीपमधून सगळी धावपट्टी पाहून येणे. एखादा खडा किंवा खिळा पडला असेल तर तो उचलायचा, कारण जेट इंजिन समोरची वस्तू आत ओढून घेते. मग पक्ष्यांकडे लक्ष द्यायचे. एका घारीच्या धडकेने कोट्यवधी रुपयांचे विमान पडू शकते. म्हणून तळाजवळ कचरा टाकू नका, असे हवाई दल लोकांना सारखे विनवत असते.

विमान उतरायला आले की वैमानिक 'थ्री ग्रीन्स' असे सांगतो. त्याच्यासमोरचे तीन हिरवे दिवे लागले आहेत, म्हणजे तिन्ही चाके खाली येऊन पक्की झाली आहेत, असा त्याचा अर्थ. यंत्र बंद पडून आवाज पोचेनासा झाला, तर आम्ही मनोऱ्यातून दिव्याचा झोत दाखवतो. आकाशातल्या वैमानिकाला स्थिर हिरवा झोत दिसला की 'उतरा'. स्थिर लाल दिसला की 'दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा'. आणि वेग न आवरल्यामुळे एखादे लढाऊ विमान धावपट्टीबाहेर जाऊ लागलेच, तर टोकाला नायलॉनची भक्कम जाळी उभी करून ते अडवता येते.

या सगळ्या कामांत मला सर्वांत जवळचे वाटे ते एक काम. ढग खाली आले आहेत, पाऊस पडतो आहे, वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. अशा वेळी नियंत्रक रडारवर पाहून त्याला बोलत बोलत खाली आणतो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लुइस अल्वारेझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने शोधून काढली. पुढे १९४८-४९ साली बर्लिन शहराची नाकेबंदी झाली, तेव्हा धान्य आणि कोळसा घेऊन येणारी विमाने हिवाळ्याच्या धुक्यात याच पद्धतीने उतरवली गेली.

ईशान्येकडील एका तळावर असताना पावसाळ्यातल्या एका दुपारी असाच प्रसंग आला. चार मिग विमाने सरावाला गेली होती. तीन उतरली. चौथे येईपर्यंत पावसाने सगळा तळ झाकून टाकला. वैमानिकाने उरलेले इंधन सांगितले. एकदा उतरायचा प्रयत्न करता येईल, दुसऱ्यांदा नाही, एवढेच ते होते. मी रडारच्या काळोख्या खोलीत होतो. समोर दोन चित्रे होती. एकात विमान डावीकडे आहे की उजवीकडे ते दिसे, दुसऱ्यात वर आहे की खाली ते. मी त्याला म्हणालो, "आता माझ्या सूचनांना उत्तर देऊ नका." या कामाचा तसा नियमच आहे. वैमानिकाने फक्त ऐकायचे आणि नियंत्रकाने बोलत राहायचे. मध्ये पाच सेकंदांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर वैमानिकाला वाटेल, यंत्र बंद पडले.

"मध्यरेषेवर आहात. उतारावर आहात. थोडे वर गेलात. उतरण्याचा वेग वाढवा. उजवीकडे दोन अंश." मी बोलत होतो आणि पडद्यावरचा ठिपका सरकत होता. तीन-चार मिनिटांचे हे काम. पण ती मिनिटे संपता संपत नव्हती. शेवटी बिनतारीवर त्याचा आवाज आला, "धावपट्टी दिसली." मी खुर्चीला पाठ टेकली. संध्याकाळी तो वैमानिक चहाला भेटला. हसत म्हणाला, "सर, एवढा वेळ तुम्ही श्वास कधी घेतलात?" तो केरळचा. माझ्या शेजारी बसणारा सहकारी हैदराबादचा, घरी उर्दू बोलणारा. मी मराठी. तिघांच्या मातृभाषा वेगळ्या; पण त्या मिनिटांत आमचा एकही शब्द वाया गेला नव्हता.

सगळीकडे असे घडत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ मला आठवते. हरियाणातील चरखी दादरी गावावर, आकाशात, दोन विमानांची टक्कर झाली. सौदी अरेबियाचे विमान नुकतेच दिल्लीहून निघाले होते आणि कझाकस्तानचे विमान दिल्लीला येत होते. तेव्हा दिल्लीजवळचे बरेचसे आकाश लष्करी उड्डाणांसाठी राखून ठेवलेले होते. त्यामुळे येणारी आणि जाणारी प्रवासी विमाने एकाच वाटेने, फक्त वेगवेगळ्या उंचीवरून जात. नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितले होते आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर. सूचना बरोबर होत्या. त्या मिळाल्याची पोचही आली होती. पण कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा एक होता आणि विमान चालवणारे दुसरे. ते विमान १५,००० फुटांच्या खाली आले आणि ३४९ माणसे प्राणांस मुकली. इंग्रजीचे अपुरे ज्ञान हे या अपघातामागचे एक कारण असल्याचे चौकशीत दिसून आले.

पुढे भारतात टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या. २००८ पासून परदेशी जाणाऱ्या वैमानिकांची आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांची भाषेची परीक्षाही घेतली जाते. आम्ही नियंत्रक मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट कधी विसरलो नाही. ऐकलेले परत म्हणून दाखवले, म्हणजे ते समजलेच असे नाही.

आमच्या कामात यावर एक साधा उपाय आहे. 'से अगेन', म्हणजे 'पुन्हा सांगा'. नवा वैमानिक असो की मोठा अधिकारी, ऐकू आले नाही किंवा नीट समजले नाही, तर त्याने हे शब्द उच्चारायचेच. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही आणि कोणी हसत नाही. उलट, न समजता 'हो' म्हणणारा माणूस आम्हांला धोक्याचा वाटतो.

मित्रांनो, तुम्हांलाही हे काम करता येईल. १९९३ पासून हवाई दलाच्या जमिनीवरील कामांसाठी मुलींचीही अधिकारी म्हणून निवड होऊ लागली आणि आज मनोऱ्यातून स्त्रियांचे आवाजही ऐकू येतात. त्यासाठी गणित हवे, भूगोल हवा, निरोगी डोळे आणि कान हवेत. मनोऱ्यात बसायला अजून तुम्हांला बराच अवकाश आहे. पण एक सवय आजच लावून घेता येईल. तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत आणखी दोन-तीन शिकता. एखादे वाक्य वर्गात सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटले, पण अर्थ कळला नाही, असे कधीतरी होणारच. अशा वेळी मान डोलावू नका. हात वर करा आणि सरळ म्हणा, "सर, पुन्हा सांगा."